पाकिटावरचे नाव आणि पत्रातले नाव

आमच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधावरचा परीक्षकांचा अहवाल सहा आठवडे आमच्यापर्यंत पोचलाच नाही. बाहेरगावच्या परीक्षकांनी तो वेळेवर लिहिला होता आणि वेळेवर धाडलाही होता. आमचा जुन्या विद्यापीठातला ई-मेलचा पत्ता अजून चालू आहे. तिथे आलेले प्रत्येक पत्र आपोआप आमच्या आताच्या संस्थेकडे रवाना होते. परीक्षकांनी त्या जुन्या पत्त्यावर अहवाल पाठवला. आमच्या संस्थेच्या टपाल-संगणकाने तो दारातच अडवला आणि कारण दिले की पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट दिसतो.

त्याच महिन्यात संस्थेतल्या झाडून सगळ्यांना संचालकांच्या नावाने एक पत्र आले. मी बैठकीत आहे, फोन करू नका, भेटवस्तूंची पाच कूपने ताबडतोब विकत घ्या आणि त्यांचे क्रमांक मला कळवा, असा त्यातला मजकूर. दोघांनी क्रमांक कळवले, त्यांचे पैसे गेले. हे पत्र मात्र त्याच टपाल-संगणकाने बिनतक्रार आत सोडले होते.

खरे अडले आणि खोटे सुटले, तेव्हा यंत्र बिघडले असणार, असे कोणालाही वाटेल. आमचे क्षेत्र पदार्थविज्ञान. पण संस्थेच्या संगणक समितीवर आमचे नाव असल्याने चौकशी आमच्याकडे आली. चौकशीत निघाले ते असे, की यंत्रात काडीचाही बिघाड नव्हता. दोन्ही निर्णय नियमांनुसार अचूक होते. म्हणजे दोष शोधायचा तर तो नियमांतच शोधायला हवा. आता पुष्कळ शाळांना स्वतःच्या नावाचे पत्ते मिळाले आहेत, आणि ‘बनावट पत्ते रोखण्याची सोय बसवली आहे’ असे मुख्याध्यापकांना सांगितले जाते. ती सोय नेमके काय रोखते आणि काय रोखत नाही, हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

प्रथम ई-मेल पोचते कशी ते पाहू. तिचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. पाठवणारा संगणक घेणाऱ्या संगणकाला जोडून घेतो आणि दोघांत चक्क संभाषण होते. पहिला ‘हेलो’ म्हणून स्वतःचे नाव सांगतो. मग ‘हे पत्र अमक्याकडून’, मग ‘हे पत्र तमक्यासाठी’ असे सांगतो, आणि त्यानंतर पत्राचा मजकूर देतो. यातले ‘अमक्याकडून’ हे झाले पाकिटावरचे नाव. मजकुराच्या डोक्यावर आणखी एक ‘फ्रॉम’ची ओळ असते, ते झाले पत्रातले नाव. वाचकाच्या पडद्यावर दिसते ते हे दुसरे. पाकीट दारातच फाडून टाकले जाते. त्यावरचे नाव पत्राच्या मूळ रूपात कुठेतरी खाली नोंदलेले असते, पण ते कोणी उघडून पाहत नाही.

ही दोन नावे एकच असली पाहिजेत असे बंधन नाही, आणि ते नसण्यात काही गैरही नाही. साहेबांच्या वतीने कारकून पत्र टाकतो, तेव्हा सही साहेबांची असते आणि पत्र परत आले तर ते कारकुनाच्या टेबलावर यावे अशी अपेक्षा असते. ई-मेलमध्येही पाकिटावरचे नाव मुख्यतः परतीच्या पत्रासाठी असते. अडचण एवढीच, की ही दोन्ही नावे पाठवणारा लिहील ती. घेणारा त्यांवर विश्वास ठेवतो.

पोस्टेल आणि त्यांचे सहकारी भोळे होते, माणसे वाईट वागू शकतात हे त्यांच्या ध्यानातच आले नाही, असे बऱ्याच लेखांत वाचायला मिळते. आम्हाला ते पटत नाही. १९८२ साली त्या जाळ्यावर काही शेकडाच संगणक होते आणि त्यांचे चालक बहुधा एकमेकांना ओळखत होते, हे खरे. परंतु नकोशा पत्रांच्या प्रश्नावर पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये जेमतेम एका पानाचे टिपण लिहिले होते. एखादा संगणक त्रासदायक संदेश पाठवू लागला तर ते निवडून नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे नाही, ही उणीव त्यांनी तेव्हाच दाखवली होती. प्रश्न दिसत होता. तो सोडवण्याची किंमत त्या वेळी जास्त वाटली. पुढे २००८ साली याच नियमांची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यातही स्पष्ट लिहिले आहे की ही टपालपद्धत मुळातच असुरक्षित आहे आणि एखादा साधा वापरकर्ताही भोळ्या वाचकाला फसवणारे पत्र तयार करू शकतो. नियमकर्त्यांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवला आहे. तो वाचण्याची तसदी नंतरच्यांनी घेतली नाही.

मग चाळणी उभी कशाच्या आधारावर राहते? संभाषणात एक गोष्ट सहजी खोटी सांगता येत नाही, ती म्हणजे बोलणाऱ्या संगणकाचा आयपी क्रमांक. जोडणी होताना घेणारा संगणक समोरच्याने सांगितलेल्या क्रमांकावर एक आकडा पाठवतो, आणि तो आकडा मिळाल्याची पोच आल्याशिवाय पुढचे बोलणे सुरू होत नाही. खोटा क्रमांक सांगितला तर आकडा दुसऱ्याच कोणाकडे जाणार. टपालात प्रेषकाचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, पण कोणत्या गावच्या पेटीत पत्र पडले ते टपालखात्याच्या शिक्क्यावरून कळते. तसाच हा प्रकार.

या शिक्क्याचा उपयोग करणारी पहिली चाळणी म्हणजे एसपीएफ. कल्पना सोपी आहे. ज्या संस्थेच्या नावाने पत्रे निघतात तिने इंटरनेटच्या सार्वजनिक नामवहीत एक ओळ लिहून ठेवायची: ‘आमची पत्रे फक्त या या क्रमांकांच्या संगणकांवरून निघतात.’ घेणारा संगणक पाकिटावरचे नाव पाहतो, नामवहीतली ओळ वाचतो आणि समोरच्याचा क्रमांक त्यात आहे का ते ताडून पाहतो. एप्रिल २००६ मध्ये हा नियम प्रयोग म्हणून प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याला प्रमाण नियमाचा दर्जा मिळाला. ओळीच्या शेवटी वजाचे चिन्ह टाकले तर ‘बाकी सगळे खोटे’ आणि नागमोडी चिन्ह टाकले तर ‘बाकी सगळे बहुधा खोटे’. पुष्कळ संस्था नागमोडी चिन्ह टाकून मोकळ्या होतात. स्वतःच्याच टपालाबद्दल इतकी अनिश्चितता बाळगणाऱ्या संस्थेचे घेणाऱ्याने काय करायचे, हे आम्हाला कधी नीट कळलेले नाही.

आता आमच्या परीक्षकांचे पत्र घ्या. त्यांच्या महाविद्यालयाच्या ओळीत वजाचे चिन्ह होते. पत्र महाविद्यालयाकडून आमच्या जुन्या विद्यापीठात गेले, तिथवर सगळे ठीक. विद्यापीठाने ते पाकिटावरचे नाव न बदलता पुढे आमच्याकडे ढकलले. आमच्या संगणकाला पाकिटावर महाविद्यालयाचे नाव दिसले आणि शिक्का विद्यापीठाचा दिसला. नियमाप्रमाणे पत्र बनावट ठरले. पत्ता बदललेल्या माणसाची पत्रे नव्या घरी पाठवणे हे टपालाचे जुने आणि सभ्य काम आहे. या चाळणीला ते आणि तोतयेगिरी यांत फरक करता येत नाही.

यावर एसपीएफच्या समर्थकांचे उत्तर असे, की पत्रे पुढे पाठवणाऱ्याने पाकिटावर स्वतःचे नाव घालावे. तांत्रिक दृष्ट्या हे शक्य आहे आणि काही जण तसे करतातही. पण त्यात लाभ कोणाचा आणि कष्ट कोणाचे ते पाहा. ज्याच्या नावाची नक्कल होते त्याला संरक्षण मिळते, आणि काम करायचे ते मधल्या तिऱ्हाइताने. जुन्या विद्यापीठाला आमच्यासारख्या निघून गेलेल्या माणसाकरिता ही उठाठेव करण्याचे काय कारण? दुसऱ्याच्या सोयीसाठी तिसऱ्याने खर्च करावा, या गृहीतावर उभारलेली व्यवस्था अर्धवट चालते. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

परत फिरवलेल्या पत्राबद्दलची सूचना परीक्षकांना मिळाली होती, हेही सांगायला हवे. नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, इंग्रजी आकड्यांनी भरलेले काहीतरी आले होते खरे. अशी खोटी पत्रे रोजच येतात म्हणून मी ते पुसून टाकले.”

दुसरी चाळणी डीकेआयएम. तिचा नियम मे २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये सुधारला गेला. इथे शिक्क्याऐवजी गणिती सही वापरतात. पाठवणारी संस्था पत्राच्या मजकुराचा आणि डोक्यावरच्या काही ओळींचा एक ठरावीक लांबीचा सारांश-आकडा काढते आणि आपल्या गुप्त किल्लीने त्याची सही करून पत्राला जोडते. सही पडताळण्याची उघड किल्ली नामवहीत सगळ्यांसाठी ठेवलेली असते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी सारांश-आकडा बदलतो आणि सही जुळत नाही. पत्र कितीही हातांतून गेले तरी सही टिकते, हा या पद्धतीचा मोठाच गुण. परीक्षकांच्या महाविद्यालयाने ही सही वापरली असती आणि आमच्या संगणकाने नुसत्या शिक्क्यावर निकाल न देता ती पाहिली असती, तर अहवाल पोचला असता.

सहीची ताकद किल्लीच्या लांबीवर असते. एकदा एका अमेरिकन गणितज्ञाला गूगलच्या नावाने नोकरीसंबंधी एक पत्र आले. ते खरे की खोटे हे तपासताना त्यांच्या लक्षात आले की गूगलची किल्ली केवळ ५१२ बिटांची आहे. भाड्याने घेतलेल्या संगणकांवर सुमारे तीन दिवसांत आणि पाऊणशे डॉलरच्या आसपास खर्चात त्यांनी त्या संख्येचे अवयव पाडले आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्याला पत्र धाडून दाखवले. त्यानंतर गूगलने किल्ली बदलली. २०१८ सालच्या नियमाने १०२४ बिटांपेक्षा लहान किल्ल्या बाद केल्या आणि २०४८ बिटांची शिफारस केली. वर्गात हे दाखवायचे तर मुलांना ४३ गुणिले ५९ करायला सांगावे आणि मग शेजारच्या वर्गाला २५३७ चे अवयव शोधायला लावावेत. दोन्ही वर्गांना लागलेला वेळ फळ्यावर लिहिला की किल्लीच्या लांबीविषयी फारसे बोलावे लागत नाही.

परंतु या दोन्ही चाळण्यांमध्ये एक विलक्षण उणीव होती. वाचकाला दिसणाऱ्या नावाकडे दोघींपैकी एकही पाहत नव्हती. एसपीएफ पाकीट पाही, डीकेआयएम सही पाही, आणि सही कोणत्याही संस्थेची चाले. चोराने स्वतःच्या संस्थेची चोख ओळ आणि चोख सही ठेवून पत्राच्या डोक्यावर तुमच्या बँकेचे नाव लिहिले, तर दोन्ही चाळण्या समाधानी. ही फट बुजवण्यासाठी काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क जाहीर केले. त्याचा मसुदा मार्च २०१५ मध्ये माहितीपर टिपण म्हणून प्रसिद्ध झाला. पत्रातले नाव आणि पाकिटावरचे किंवा सहीतले तपासलेले नाव एकाच संस्थेचे असले पाहिजे, ही त्याची मुख्य अट. जुळले नाही तर काय करायचे तेही संस्थेनेच सांगायचे: काही करू नका, बाजूला ठेवा, किंवा नाकारा. शिवाय आपल्या नावाने कोठून किती पत्रे निघाली याचे अहवाल संस्थेला मिळतात. बँका, विमा कंपन्या, तिकीट-कचेऱ्या यांच्यासाठी ही रचना उत्तम आहे, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. यांची पत्रे यंत्राने निघतात, थेट गिऱ्हाइकाकडे जातात, आणि ती कोणी पुढे पाठवून त्यावर चर्चा करीत बसत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने हीच ‘नाकारा’ची अट आपल्या सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या पत्त्यांना लावली, आणि त्याच महिन्यात एओएलनेही. दोघांच्या वापरकर्त्यांच्या नावाने बाहेरून खोट्या पत्रांचा पूर आला होता, त्यामुळे कारण सबळ होते. परिणाम मात्र भलत्याच जागी झाला. शेकडो सभासदांचे एक पत्र-मंडळ डोळ्यांपुढे आणा: एकाने मंडळाच्या पत्त्यावर लिहायचे, मंडळाच्या संगणकाने ते सगळ्यांना वाटायचे. शास्त्रज्ञांची, भाषाप्रेमींची, रुग्णांच्या नातेवाइकांची अशी असंख्य मंडळे वर्षानुवर्षे चालत होती. मंडळाचा संगणक विषयाच्या ओळीत मंडळाचे नाव घालतो, तळाला दोन ओळी जोडतो. झाले, सही मोडली. शिक्का तर मंडळाचाच. पत्रातले नाव मात्र याहूवरच्या सभासदाचे. जीमेलसारख्या सेवांनी ती पत्रे याहूच्याच आज्ञेनुसार नाकारली. पुढचा प्रकार आणखी विचित्र. एखाद्या सभासदाकडून लागोपाठ पत्रे परत येऊ लागली की त्याचा पत्ता बंद पडला असे समजून मंडळाचा संगणक त्याची वाटणी थांबवतो. त्यामुळे लिहिणारा याहूवाला सुखरूप राहिला आणि ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता अशा जीमेलवाल्यांची सभासदत्वे स्थगित झाली. इंटरनेटचे नियम जिथे ठरतात त्या मंडळींच्या स्वतःच्या पत्र-मंडळांनाही याची झळ लागली.

मंडळांनी यावर तोड काढली ती अशी: वाटताना पत्रातले नावच बदलायचे. सभासदाच्या पत्त्याऐवजी मंडळाचा पत्ता घालायचा आणि शेजारी ‘अमुक यांच्यातर्फे’ असे लिहायचे. पत्रातले नाव कोणी बदलू नये म्हणून आणलेल्या नियमामुळे प्रामाणिक मंडळांना रोज हजारो पत्रांतली नावे बदलावी लागली! पत्र कोणाकडून आले हे डोळ्यांनी ओळखण्याची वाचकाची सवयही त्यामुळे बिघडली. मधल्या प्रत्येक हाताने आपापली पडताळणी सही करून पुढे द्यावी, अशी एक पद्धत २०१९ मध्ये प्रयोग म्हणून निघाली. पण तिथेही मधल्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा मूळ प्रश्न घेणाऱ्याच्याच गळ्यात राहतो.

या निर्णयात नियमांतला दोष किती आणि तो चुकीच्या जागी वापरण्यातला दोष किती, हे वेगळे करून पाहायला हवे. यंत्रांच्या पत्रव्यवहारासाठी शिवलेला अंगरखा माणसांच्या पत्रव्यवहाराला घातला, हा दुसरा दोष, आणि आमच्या मते तोच मोठा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशेबात रोज ५,००० च्या वर) पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही चाळण्यांची पूर्तता सक्तीची केली. छोट्यांनाही शिक्का किंवा सही यांपैकी एक हवेच. सरकारी ठरावाने जे झाले नाही ते दोन कंपन्यांच्या पत्रकाने झाले. बनावटीला त्यामुळे आळा बसतो हे मान्य. तरीही एखादे छोटे महाविद्यालय स्वतःचा टपाल-संगणक चालवण्याचा नाद सोडून सगळे टपाल अशाच एखाद्या कंपनीच्या हवाली करते, तेव्हा त्यामागे या कटकटींचा वाटा असतो. आमच्या समितीतही तशी सूचना दोनदा येऊन गेली.

आता संचालकांच्या पत्राकडे वळू. ते एका फुकट टपालसेवेवरच्या खऱ्याखुऱ्या खात्यातून आले होते. शिक्का जुळला, सही जुळली, नावेही जुळली, कारण पत्ता त्या सेवेचाच होता. खोटे होते ते पत्त्याशेजारी लिहिलेले माणसाचे नाव. ते नाव कोणतीही चाळणी तपासत नाही. आणि मोबाईलवरची टपालाची पाने नेमके तेवढेच नाव ठळक दाखवतात, पत्ता बोट लावल्याशिवाय दिसत नाही. एकीकडे पत्ता तपासण्यासाठी तीन-तीन चाळण्या, आणि दुसरीकडे तपासलेला पत्ताच वाचकापासून लपवलेला! या विसंगतीबद्दल अभियंत्यांपैकी फार थोडे बोलतात.

सारख्या दिसणाऱ्या नावांचीही हीच गत. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की घाईत एमसारखे दिसतात. अशा नावाची स्वतंत्र नोंदणी करून त्यावर चोख ओळ आणि सही ठेवणे कोणालाही जमते. याला चाळणी हे उत्तरच नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट आणले, ते या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे: ते नाव बँकेखेरीज कोणाला मिळतच नाही, आणि काय पाहायचे हे आजोबांनाही एका वाक्यात सांगता येते.

आमच्या समितीने शेवटी तीन गोष्टी केल्या. बाहेरून येणाऱ्या पण स्वतःला आमच्याच संस्थेचे म्हणवणाऱ्या पत्राला आमची सही नसेल तर ते दारातच नाकारायचे, हा नियम ठेवला. स्वस्त आणि सर्वांत उपयोगी असा हाच. बाहेरच्या पत्र-मंडळांतून आमच्याच सभासदांची पत्रे परत येतात तेवढी मंडळे अपवादाच्या यादीत घातली. इतर पत्रे नुसता शिक्का जुळला नाही म्हणून नाकारायची नाहीत, सही आहे का ते आधी पाहायचे. शिक्क्याच्या निकालावर काय करायचे हे घेणाऱ्याने ठरवावे, असे तर एसपीएफच्या नियमातच लिहिले आहे. आणि नाकारायचेच असेल तर संभाषण चालू असताना नाकारायचे. एकदा पत्र घेऊन मग परतीची सूचना पाठवली, तर पाकिटावरचे नाव खोटे असल्यास ती सूचना भलत्याच निरपराध माणसाच्या दारात पडते. गुपचूप कचऱ्याच्या कप्प्यात टाकणे आम्हाला त्याहून नापसंत, कारण त्यात खऱ्या पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. परतीच्या सूचनेत पहिले वाक्य आता मराठीत आहे आणि त्यात संस्थेचा दूरध्वनी क्रमांक आहे.

ज्या शिक्षकांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांनी कोणतेही एक पत्र मूळ रूपात उघडावे. बहुतेक टपालसेवांत तशी सोय असते. त्यात ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. प्रत्येक संगणक आपली ओळ वर जोडतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. भरवसा ठेवायचा तो आपल्या संगणकाने जोडलेल्या वरच्या ओळींवर. खालच्या कोणीही रचलेल्या असू शकतात. ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत तिन्ही चाळण्यांचे निकाल मिळतील. बँकेचे एक, मित्राचे एक आणि संशयास्पद असे एक, अशी तीन पत्रे घेऊन दहावीच्या वर्गात तासभर छान जातो. संशयास्पद पत्राचे तिन्ही निकाल ‘पास’ निघण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा मुलांच्या प्रश्नांची तयारी ठेवावी.

आमच्या विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा जूनमध्ये झाली. परीक्षकांनी अहवालाची दुसरी प्रत स्पीड पोस्टाने पाठवली होती, ती तिसऱ्या दिवशी मिळाली.